फी धरतात, खाणावळ धरत नाहीत

जुलै उजाडला की गोव्यात फोंड्याला माझ्या घराच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, चार-पाच माणसं मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन बसलेली असतात. पिशव्यांत फॉर्म १६ (कंपनीनं दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला), पासबुकं, विम्याच्या पावत्या. मी चार्टर्ड अकाउंटंट नव्हे. उभा जन्म हिशेबाच्या टेबलावर गेला, निवृत्त झालो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची आयकर विवरणपत्रं भरून देण्याची सवय लागली. पैसे घेत नाही. कुणी अळमी (रानातली अळंबी) आणून देतं, कुणी घरची केळी. बरं चाललंय.

यंदा वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात काम करणारा शेजारी आला. पगार वर्षाला अठरा लाख, बायको घर सांभाळते, मुलगा बेळगावात इंजिनिअरिंगला, मुलगी पुण्यात. त्यानं मुलाच्या कॉलेजची पावती पुढे सरकवली आणि विचारलं, "ह्यातलें कितें धरतात?" पावती अशी होती: ट्यूशन फी ६२,०००, डेव्हलपमेंट फी १५,०००, वसतिगृह ५५,०००, मेस ४२,०००, परीक्षा ४,०००, अनामत १०,०००. एकूण १,८८,०००. मी पेन्सिलीनं फक्त पहिल्या ओळीखाली रेघ मारली. बाकी सगळं कायद्याच्या लेखी त्या माणसाची हौस.

आयकर कायद्याच्या ८०सी कलमाखाली दोन मुलांपर्यंतची फक्त ट्यूशन फी वजावटीला चालते, म्हणजे करपात्र उत्पन्नातून वगळता येते, तीही भारतातल्या पूर्ण वेळ शिक्षणाची. देणगी नाही, डेव्हलपमेंट फी नाही, वसतिगृह नाही, मेस नाही, प्रवास नाही. नव्या कायद्यानं आता या कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण लोक जुन्याच नंबरांनी बोलतात, मीही तसाच बोलेन. शिवाय ही फी ज्या दीड लाखाच्या टोपलीत टाकायची, तिच्यात भविष्य निर्वाह निधी, विमा आणि घरकर्जाचं मुद्दल आधीच बसलेलं असतं. नोकरदाराची टोपली बहुधा पीएफनंच भरते. टोपलीचा हा आकार २०१४ साली ठरला, तेव्हापासून तो वाढलेला नाही. फी किती वाढली ते ज्यानं त्यानं आपापली पावती काढून पाहावं.

आमच्या पणजोबांच्या पिढीला हे ऐकून हसू आलं असतं. मराठी घरांत गरीब पोर शिकायला बाहेर पडलं की पहिला प्रश्न फीचा नसायचा, जेवायचं कुठे हा असायचा. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी, असे वार लावून मुलं शिकली. माधुकरी मागून शिकली. फी माफ व्हायची, भूक माफ होत नसे. गोव्यात तर शिक्षण म्हणजे घाट चढणं हे समीकरण पोर्तुगीज काळापासूनचं. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली घर सोडून पुण्याला गेले ते संस्कृत शिकण्यासाठीच.

आता गोव्यात सगळं आहे, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाची मुळं १८४२ च्या एस्कोला मेडिकापर्यंत जातात, फर्मागुडीचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ चं, ताळगावच्या पठारावरचं विद्यापीठ १९८५ चं. एनआयटी, आयआयटी आल्या, सांखवाळला बिट्सचा परिसर आला. पण या मोठ्या नावांच्या संस्थांतला प्रवेश देशभरच्या परीक्षेवर होतो, आणि राज्याच्या कॉलेजांत जागा मोजक्या. ज्याला हवी ती शाखा मिळत नाही तो बेळगाव, कोल्हापूर, पुणे, मणिपाल, बंगळुरू यांतलं एखादं गाव धरतो. एवढ्याशा राज्याचं हे असंच राहणार. म्हणजे गोव्यातल्या कुटुंबाचा शिक्षणखर्च मुख्यतः खोली, खाणावळ आणि बसभाडं यांचा खर्च आहे, आणि करकायद्याला नेमकं तेच दिसत नाही.

वसतिगृहासाठी कायद्यात काहीच नव्हतं असं मात्र नाही. पगारातल्या भत्त्यांच्या नियमात मुलाच्या शिक्षणासाठी महिन्याला १०० रुपये आणि वसतिगृहासाठी ३०० रुपये करमुक्त, असे आकडे कित्येक वर्षं ठाण मांडून होते. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी फोंड्याच्या बाजारात ३०० रुपयांत माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, निम्मं सामानही येत नाही.

मग क्लासेस. नीट, जेईईच्या क्लासची फी ८०सी मध्ये चालत नाही, कारण ती शाळा-कॉलेजची ट्यूशन फी नव्हे. उलट तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. शिक्षणसंस्थेच्या फीला जीएसटी माफ, आणि त्या संस्थेत शिरण्यासाठी जिथे मान मोडेस्तोवर बसावं लागतं तिथे १८ टक्के.

आता त्या शेजाऱ्याचा हिशेब पुरा करतो, कारण खरी गंमत तिथे आहे. करदात्याला दोन प्रणालींतली एक निवडता येते: वजावटींची जुनी किंवा कमी दरांची नवी. जुन्या करप्रणालीत त्यानं ८०सी चे दीड लाख पूर्ण घेतले, पगारदाराला सरसकट मिळणारी प्रमाण वजावट ५०,००० घेतली, तर करपात्र उत्पन्न १६ लाख आणि कर उपकरासह ३,०४,२०० रुपये. त्यानं मुलीसाठी बँकेचं शैक्षणिक कर्जही काढलंय. त्याचं वर्षाचं व्याज लाखभर धरू. ८०ई कलमाखाली हे व्याज उत्पन्नातून वजा होतं, त्याला वरची मर्यादा नाही, आठ वर्षं मिळतं. ते घेतलं तर कर २,७३,००० वर येतो. नव्या करप्रणालीत यातलं काहीच मिळत नाही, ८०सी नाही, ८०ई नाही, नुसती ७५,००० ची प्रमाण वजावट. तरीही २०२५ च्या अर्थसंकल्पातल्या दरांनी त्याचा कर होतो १,५०,८००. म्हणजे शिक्षणाच्या वजावटी मिळवायच्या असतील तर त्यानं सव्वा लाख जास्त कर भरायचा. ताटात लोणचं वाढलंय, पण ते घ्यायचं तर भात परत करावा लागतो.

अर्थातच मी नवी प्रणाली निवडली. कुणीही तीच निवडेल. वजावटी कायद्यात आहेत, पण बहुसंख्य पगारदारांसाठी त्या आता भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोसारख्या आहेत. सरकारनं त्या रद्द केल्या नाहीत, नुसतं तिकडे जाण्याचं कारण काढून घेतलं.

हे वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. बारा लाखांपर्यंत करच नाही, पावत्यांची जुडी सांभाळायची कटकट नाही, मार्चमध्ये नको असलेल्या पॉलिसी गळ्यात पडत नाहीत. सुटसुटीतपणाला किंमत आहे. मी ती वर्षानुवर्षं बलकांवात बसून मोजली आहे. पण सुटसुटीतपणाच्या नादात करआकारणीचं एक जुनं सूत्र हातातून निसटलं: ज्याची देण्याची कुवत जास्त त्यानं जास्त द्यावं. अठरा लाख पगाराचा एक निपुत्रिक आणि दोन मुलं परगावी ठेवलेला एक, दोघांची कुवत सारखी कशी? नवी प्रणाली म्हणते सारखी. दोघांनाही १,५०,८००.

आता गोव्याचं खास प्रकरण सांगतो, जे बाहेरच्या मराठी वाचकाला बहुधा ठाऊक नसेल. आमच्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता समाईक होते. आयकर कायद्यानं ते मान्य केलंय. १९९४ साली ५ए हे कलम घातलं गेलं आणि ते मागे जाऊन १ एप्रिल १९६३ पासून लागू धरलं. त्यानुसार पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे दुकानाचा नफा, घरभाडं, ठेवींवरचं व्याज, नवराबायकोत निम्मं निम्मं वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचं. नव्या कायद्यातही ही तरतूद आहे. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव सोडले तर बाकी देशाला हे सुख नाही.

त्याच आठवड्यात बाजारातला एक दुकानदार आला. नफा अठरा लाख. पाच-ए नं त्याचे झाले नऊ, बायकोचे नऊ. दोघंही बारा लाखांच्या आत, दोघांचाही कर शून्य. त्याची मुलं शिकून नोकरीला लागलेली. वेर्ण्याच्या माणसाचेही अठरा लाखच, पण पगाराचे, म्हणून ते वाटले जात नाहीत. त्याची दोन मुलं वसतिगृहात आणि कर दीड लाख. दोघेही एकाच वाड्यावर राहतात, एकाच देवळाच्या पावणीत (लिलावात) बसतात. दुकानदारावर माझा राग नाही, त्यानं कायद्यानं दिलं तेवढंच घेतलं. माझं म्हणणं एवढंच की उत्पन्न मोजताना घर हे एक एकक आहे हे गोव्यापुरतं का होईना, कायद्याला कळतं. मग खर्च मोजताना, आणि तोही घरातला सगळ्यात मोठा खर्च, ही समज कुठे जाते?

घर म्हणजे तरी कोण? आमच्याकडे भाचीची फी तारवावरचा, म्हणजे जहाजावर नोकरीला असलेला, मामा भरतो, पुतण्याला पुण्यात ठेवण्याचा खर्च अविवाहित आत्या उचलते, धाकट्या बहिणीच्या नर्सिंगचं कर्ज थोरला भाऊ आपल्या नावावर घेतो. कायद्याला हे नातं चालत नाही. ८०ई मध्ये स्वतः, जोडीदार, मुलं आणि ज्याचे आपण कायदेशीर पालक आहोत तो विद्यार्थी, एवढेच बसतात. बहीण बसत नाही. कर्जही बँकेचं, अधिसूचित वित्तसंस्थेचं किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचं हवं. गावच्या पतसंस्थेचं, काकाकडून घेतलेलं चालत नाही. थोरल्या भावानं आठ वर्षं हप्ते भरले तरी कागदावर त्यानं शिक्षणासाठी एक पै खर्च केलेली नसते.

आतापर्यंत मी ज्यांच्याबद्दल बोललो ते निदान विवरणपत्र भरणारे. बलकांवात न येणारे जास्त आहेत. सत्तरी तालुक्यातला काजू बागायतदार, ज्याचं शेतीउत्पन्न मुळातच करमुक्त. डिचोलीतला ट्रकमालक, ज्याचे ट्रक २०१२ च्या खाणबंदीत उभे राहिले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा उभे राहिले. पेडण्यातला टॅक्सीवाला, सांग्यातली अंगणवाडी सेविका. यांच्यासाठी ८०सी काय आणि ८०ई काय, दोन्ही कोरी पानं. वजावट ही उत्पन्नातून होते, म्हणून तिची किंमत तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात त्यावर ठरते. जुन्या प्रणालीत दीड लाखाची तीच वजावट ३० टक्क्यांच्या पायरीवरच्याला ४६,८०० रुपये वाचवून देते, २० टक्क्यांच्या पायरीवरच्याला ३१,२००. ५ टक्क्यांच्या पायरीवरच्याचा कर पाच लाखांपर्यंतच्या माफीनं आधीच शून्य झालेला, म्हणून त्याला आणि जो पायरीखालीच आहे त्याला काहीही नाही. ८०ई तर त्याहून वर. चाळीस लाखांचं कर्ज काढून परदेशी एमबीए करणाऱ्याचं व्याज १० टक्क्यांनी चार लाख होतं आणि ३० टक्क्यांच्या पायरीवर सरकार त्यातले १,२४,८०० सोसतं. वाळपईच्या मुलीच्या नर्सिंगला शून्य. ज्याला फी हा डोंगर नाही त्यालाच शिडी, असली ही मदत.

पूर्वी आपल्याकडे वेगळी रीत होती, हे आता नोकरदारही विसरले. २००५ पर्यंत ८८ कलम होतं. त्यात गुंतवणुकीचा ठरावीक हिस्सा उत्पन्नातून नव्हे, थेट करातून कमी व्हायचा. लोक त्याला रिबेट म्हणायचे. दीड लाखापर्यंत उत्पन्न असलेल्याला २० टक्के, पाच लाखांपर्यंत १५ टक्के, त्यावर काही नाही. म्हणजे कमी कमाईवाल्याला जास्त दरानं सूट. शेवटच्या दोनेक वर्षांत मुलांच्या फीचाही त्यात समावेश झाला होता. मग ८०सी आलं, वजावट उत्पन्नातून होऊ लागली आणि सूट उलटी फिरली. मी तेव्हा नोकरीत होतो आणि मला ते आवडलं होतं, हेही कबूल करतो. माझी पायरी वरची होती.

अमेरिकेत १९९७ पासून उच्च शिक्षणाच्या खर्चाला अशी थेट करातली सूट आहे. तिथल्या मुख्य सवलतीत पहिल्या २,००० डॉलरांची पूर्ण भरपाई आणि पुढच्या २,००० च्या २५ टक्के, अशी विद्यार्थ्यामागे वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत सूट मिळते. ती फार मोठ्या उत्पन्नाच्या घरांना मिळत नाही. आणि मुख्य म्हणजे कर शून्य झाला तरी उरलेल्या सुटीतले ४० टक्के, म्हणजे १,००० डॉलरपर्यंत, सरकार रोख परत करतं. कर न भरणाऱ्याच्या हातातही काही पडतं. मात्र खोली आणि खाणावळ या सवलतीत तिथेही धरत नाहीत. तिथलं सगळं उचलावं असं नाही. फी भरायची ऑगस्टात आणि सूट मिळणार पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर, ही त्यांची अडचण आपल्याकडे जास्तच बोचेल. प्रवेशाच्या वेळी घरात नेमकी चवथ असते आणि कपाटातला पैसा दोन्हीकडे ओढला जातो.

आणखी एक आक्षेप तिकडूनच आलेला आहे. १९८७ साली अमेरिकेचे तेव्हाचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी म्हटलं होतं की सरकारी मदत वाढली की कॉलेजं फी वाढवून ती गिळतात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खासगी कॉलेजांचे विश्वस्त सवलत जाहीर झाल्याच्या संध्याकाळी कॅल्क्युलेटर काढतील, याची मला खात्री आहे. म्हणूनच सूट पावतीवरच्या फीच्या प्रमाणात नसावी. ती विद्यार्थ्यामागे ठरावीक रकमेची असावी. फी पन्नास हजार असो की पाच लाख, रक्कम तीच. मग कॉलेजला फी वाढवून तिच्यातला जास्त वाटा ओढता येत नाही. आणि ती रक्कम खोली, खाणावळ, प्रवास कशालाही वापरता यावी. पावती मागूच नये. खाणावळवाली मावशी जीएसटीचं बिल देत नाही आणि देऊही नये.

दुसरा आक्षेप: शिक्षणालाच का? आजारी आईवडील सांभाळणाऱ्याला का नाही? त्यालाही द्या. त्याच्यासाठी वेगळी कलमं आहेत आणि तीही नव्या प्रणालीत बहुतेक मेली आहेत. ते भांडण मी इथे काढत नाही.

राज्य सरकार आयकर गोळा करत नाही, म्हणून ही सूट पणजीतून येऊ शकत नाही. पण पणजीनं एक गोष्ट दिल्लीच्या आधी ओळखली. गोवा शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी शैक्षणिक कर्ज देतं. व्याजच नाही म्हटल्यावर व्याजाच्या वजावटीचा प्रश्न उरत नाही, आणि घेणारा कर भरतो की नाही याच्याशीही त्याला कर्तव्य नाही. केंद्रानं २०२४ च्या नोव्हेंबरात पीएम विद्यालक्ष्मी योजना आणली, तिच्यातही आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे, पण ती ठरावीक नामांकित संस्थांपुरती. चांगल्या संस्थेत प्रवेश मिळालेल्याला मदत आणि साध्या कॉलेजात साधी पदवी घेणाऱ्याला नाही, हे मला पटत नाही. साध्या कॉलेजातल्या मुलाची खोली काही स्वस्त नसते.

तेव्हा माझी मागणी अशी. बारावीनंतर पूर्ण वेळ शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे, पाच वर्षांपर्यंत, वर्षाला ३०,००० रुपयांची सूट थेट करातून मिळावी. करप्रणाली जुनी असो की नवी. कर तेवढा नसेल तर उरलेली रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हावी. तीस हजार हा आकडा माझ्या पेन्सिलीचा आहे, अर्थखात्यानं तो कमीजास्त करावा. सूट आईनं घ्यावी, बापानं घ्यावी, मामानं किंवा थोरल्या भावानं घ्यावी. विद्यार्थी ज्याचं नाव लिहून देईल त्यानं घ्यावी, फक्त एकाच माणसानं. फार वरच्या उत्पन्नाला ती हळूहळू कमी होत शून्यावर यावी, आणि ८०ई च्या व्याजाला वरची मर्यादा घालून थोडे पैसे तिथून काढावेत. विवरणपत्र न भरणाऱ्या घरासाठी वेगळं खिडकीकाम नको, मामलेदाराच्या दाखल्यांची रांग तर नकोच. राज्याच्या गृह आधार योजनेचे दरमहा १,५०० रुपये गोव्यातल्या गृहिणीच्या खात्यात थेट येतात. खात्यात पैसे पाठवायला आता सरकारला कुणी शिकवायला नको.

पैसा कुठून, असं विचारणाऱ्याला माझं उलट विचारणं आहे. बारा लाखांपर्यंत कर माफ करताना तो प्रश्न फार वेळ टिकला नव्हता. त्या माफीतला वाटा माझ्यासारख्या पेन्शनवाल्यांच्या, मुलं मार्गी लागलेल्यांच्या पदरात पडला. मला ती नको होती असं मी म्हणत नाही, पण माझ्यापेक्षा त्या वेर्ण्याच्या माणसाला ती जास्त लागत होती आणि सत्तरीतल्या बागायतदाराला त्याहून जास्त.

हे सगळं अवघड आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा गोवेकराचं विवरणपत्र उघडून पाहावं. पाच-ए लागू असेल तर साधा एक नंबरचा फॉर्म चालतच नाही, मोठा भरावा लागतो. त्यात एक वेगळी अनुसूची असते, जोडीदाराचं नाव, पॅन आणि कुणाच्या वाट्याला किती गेलं ते लिहायला. बाकी देशातल्या बहुतेकांना ती कोरीच सोडावी लागते. ती भरताना आमची माणसं दर वर्षी चुकतात, दर वर्षी मी खोडतो, पण भरतात. तिच्याच खाली आणखी एक ओळ छापायची: शिकणाऱ्याचा पॅन.